बोटीत ट्रकचं रिकंडिशन इंजिन बसवावं का?

खेडचा_भाचा

मंडळी, प्रश्न माझा नाही, मामाचा आहे. मामा इथे येणार नाही, म्हणून मी विचारतोय.

मामाची लाकडी बोट हर्णैला असते. गिलनेटची, पंचेचाळीस फुटी, सहा सिलिंडरचं मरीन डिझेल. मे महिना संपता संपता समुद्राच्या पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) गेला. टेंपरेचरचा काटा आधीपासून मेलेला. जाळं अर्धं पाण्यात होतं म्हणून तांडेलाने (बोट चालवणाऱ्याने) इंजिन चालूच ठेवलं, आणि केबिनमध्ये वास यायला लागला तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. हेड (इंजिनाचं वरचं झाकण) वाकलंय, तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरच्या मध्ये ब्लॉकला (इंजिनाच्या मुख्य धडाला) तडा आहे, ऑइलमध्ये पाणी शिरून ते दुधाळ झालंय. टोचन लावून बोट आणली.

आता ती पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर शाकारून ठेवलीय. हायवेवरचा एक गॅरेजवाला म्हणतो, "याच जातीचं ट्रकचं इंजिन माझ्याकडे आहे. बोअर करून नवे स्लीव्ह, क्रँक ग्राइंड, पिस्टन किट नवीन, असा तयार ब्लॉक देतो. वरचं सामान तुमचंच चढवू." किंमत नव्या मरीन इंजिनाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. मामाचं जवळजवळ ठरलंय. मामी म्हणते कर्ज काढा, पण नवीन घ्या. १ ऑगस्टला पावसाळी मासेमारीची बंदी उठते, त्याआधी बोट पाण्यात हवी.

कुणी हे केलंय का? चालतं का? गॅरेजवाल्याला नेमकं काय विचारायचं? मी स्वतः पुण्यातला सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे जरा समजेल असं लिहा.

---

पॉपकॉर्नवाला

जागा पकडून ठेवतो. मामीचं ऐका.

---

दर्यावर्दी_मालवण

आमच्या बंदरातले अर्धे बोटी ट्रकच्या इंजनार चलतत. हेच्यात नवीन काय तां सांगा. पुण्याच्या माणसान इचारल्यान म्हणून धागो झालो.

(मालवणी पुरे, नाहीतर संपादक येतील.) भाचेबुवा, किनाऱ्यावर मरीन म्हणून जी सहा सिलिंडरची इंजिनं चालतात, त्यातल्या बऱ्याच इंजिनांचा मूळ ब्लॉक ट्रकचाच असतो. कंपनीच त्याला पाण्याचं सामान लावून मरीन म्हणून विकते. त्यामुळे "ट्रकचं चालेल का" या प्रश्नाचं उत्तर कंपन्यांनीच कधीचं दिलंय. तुमच्याकडे कोण बसवतोय यावर सगळं आहे. हायवेवरच्या मिस्त्रीने आयुष्यात कधी बोटीत इंजिन बसवलंय का, ते आधी विचारा.

---

निवृत्त_वर्कशॉप

मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपला होतो. बोटीतलं मला फार कळत नाही, पण रिकंडिशन इंजिन म्हणजे काय ते सांगू शकतो, कारण तेच करत म्हातारा झालो.

"रिकंडिशन" म्हणून बाजारात जे मिळतं त्यात दोन टोकं असतात. एक म्हणजे ब्लॉक पूर्ण सोडून, उकळत्या द्रावणात धुऊन, तडे तपासून, मेन बेअरिंगची लाइन बघून, मापं घेऊन बांधलेलं इंजिन. दुसरं म्हणजे बाहेरून रंग मारलेलं, आत नव्या रिंगा घातलेलं इंजिन. दोन्हींवर रंग सारखाच चकचकीत असतो.

म्हणून बांधून झालेलं इंजिन बघायला जाऊ नका, उघडं असताना जा. क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) किती मायनस केलाय, म्हणजे घासून किती बारीक केलाय, ते विचारा. पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर अशा पायऱ्या असतात. पहिल्या-दुसऱ्या पायरीवर असेल तर पुढे अजून एखादं ग्राइंडिंग शिल्लक आहे. शेवटच्या पायरीवर असेल तर तो क्रँक तुम्हाला वापरून संपवायलाच देतायत. नुसतं "ग्राइंड केलंय" म्हणणाऱ्याकडून मापांचा कागद मागा. लेथवाल्याकडे असतोच तो.

ब्लॉकची पाण्याची वाट बंद करून, हवेचा दाब देऊन, गरम पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे. थंड पाण्यात न दिसणारा तडा गरम पाण्यात दिसतो. हेडचंही तसंच. हेडला फेस मारला (घासून सपाट केलं) असेल तर किती मारला, आणि व्हॉल्व्ह त्या प्रमाणात खाली बसवलेत का. नाहीतर पिस्टन व्हॉल्व्हला जाऊन भेटतो.

आणि मुख्य मुद्दा. ट्रकचं इंजिन पूर्ण ताकद किती वेळ देतं? कशेडीचा घाट चढताना. पुढे उतार लागला की ते आरामच करतं. बोटीला उतार नसतो. बंदर सोडल्यापासून पंखा सारखा पाणी ढकलतोय, तासन् तास, त्याच लोडवर. ट्रकला जे रिकंडिशन लाख किलोमीटर पुरलं असतं, ते बोटीत किती पुरेल याचा हिशोब किलोमीटरने करू नका.

---

चीफ_इंजिनिअर_किनाऱ्यावर

वर्कशॉपकाकांशी सहमत. त्यांच्या शेवटच्या मुद्द्यात थोडी भर. पंख्याला लागणारी ताकद साधारण फेऱ्यांच्या घनाने वाढते. म्हणजे पूर्ण फेऱ्यांच्या ऐंशी टक्क्यांवर चालवलंत तर जेमतेम निम्मी ताकद लागते. २४०० आरपीएमचं इंजिन १९०० वर चालवायची सवय तांडेलाला लावलीत तर ब्लॉकचं आयुष्य कुठल्या कुठे जाईल. वेग फारसा कमी होत नाही, डिझेल बरंच वाचतं.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. सगळे ब्लॉकबद्दल बोलताय. ब्लॉक का गेला याबद्दल कोण बोलणार?

इंपेलर गेला म्हणता. ठीक. इंपेलरची पाती तुटली की ती नाहीशी होत नाहीत. पाण्याबरोबर पुढे जातात आणि हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिनातलं पाणी गार करणाऱ्या भागाच्या) नळ्यांच्या तोंडाशी अडकून बसतात. जुना एक्स्चेंजर तसाच नव्या ब्लॉकला लावलात तर नव्या ब्लॉकलाही तेच तापमान मिळणार. झाकणं काढा, नळ्यांतून काठी घाला, सगळे तुकडे जुळवून इंपेलर पूर्ण होतो का बघा. झिंकची पेन्सिल असते तीही बघा. ती खाऊन संपली असेल तर समुद्राचं पाणी आता तांब्याच्या नळ्या खातंय.

काही जण पैसे वाचवायला एक्स्चेंजर काढून समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमध्ये फिरवतात. हे करू नका. ओतीव लोखंडाला खारं पाणी आतून खातं, आणि क्षार बसू नयेत म्हणून इंजिन साठ अंशांच्या आसपास गार चालवावं लागतं. डिझेल इंजिनाला ते मानवत नाही, ऐंशीच्या घरात चालणं हे त्याचं घरचं तापमान. गार चाललं की लायनर (सिलिंडरचे स्लीव्ह) झिजतात, ऑइलचा गाळ होतो.

---

दर्यावर्दी_मालवण

चीफसाहेब, एक्स्चेंजर कशाला हवाय? तळाला बाहेरून पाइप मारून कील कूलिंग करा, इंजिनातलं पाणी त्या पाइपांतून फिरून गार होतं. समुद्राचं पाणी आत येतच नाही. ना पंप, ना इंपेलर, ना प्लास्टिकची पिशवी अडकायची भानगड. आजकाल समुद्रात माशांपेक्षा पिशव्या जास्त.

---

चीफ_इंजिनिअर_किनाऱ्यावर

तत्त्वतः उत्तम. पण हर्णैला बोट रेतीवर टेकते. तळाच्या बाहेर पाइप असतील तर पहिल्याच भरती-ओहोटीत चेपतील. शिवाय त्यावर शिंपले-काकवं बसली की उष्णता बाहेर जात नाही, आणि कुणीतरी हौसेने जाड रंग मारतोच. मालवणच्या खडकाळ बंदरात तुम्ही काय करता माहीत नाही.

---

दर्यावर्दी_मालवण

आमी काळजी घेतो. 😄

---

मिशिगनकर

इकडची एक गंमत सांगतो, विषय तोच आहे. आमच्या तलावांवर पेट्रोलच्या बोटी. त्यातल्या बऱ्याच बोटींत जनरल मोटर्सचा ५.७ लिटरचा व्ही-८ असतो, म्हणजे गाड्यांतला तोच ३५० क्युबिक इंचांचा ब्लॉक. इथे ब्लॉक फुटतो तो उष्णतेने नाही, थंडीने. हिवाळ्यापूर्वी पाणी काढायचं राहिलं की बर्फ होऊन ब्लॉकची भिंत फाटते. दर वसंतात कुणाच्या तरी गॅरेजसमोर लोक डोक्याला हात लावून उभे असतात.

शेजाऱ्याने गाडीचा रिबिल्ट ब्लॉक आणला. दिसायला सारखा, पण १९८६ पासून त्या ब्लॉकच्या मागच्या ऑइल सीलची रचना बदललीय, त्याबरोबर फ्लायव्हीलचं बॅलन्सिंगही. जुन्या बोटीचा फ्लायव्हील नव्या ब्लॉकला लावला की इंजिन थरथरतं. बोटीचा कॅमशाफ्ट वेगळा, हेड गॅस्केट खाऱ्या पाण्याचं वेगळं, आणि ब्लॉकच्या बाजूचे कोअर प्लग (भोकं बंद करणारी बुचं) गाडीत पोलादी तर बोटीत पितळी. गाडीचे पोलादी प्लग तसेच राहिले तर ते गंजून एक दिवस बोटीच्या तळात पाणी सोडतात.

आणि पेट्रोल असल्यामुळे गाडीचा स्टार्टर, अल्टरनेटर बोटीत बसवायचा नाही. ते ठिणगी बाहेर टाकू शकतात, आणि इंजिनच्या खोलीत पेट्रोलची वाफ साचलेली असते. कार्बोरेटरवर ज्वाला अडवणारी जाळी १९४० पासून कायद्याने लागते. चालू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवा अशी पाटीच डॅशबोर्डवर असते. डिझेलवाल्या मामांना यातलं निम्मं लागू नाही, पण कोअर प्लगचं नक्की बघा.

---

पॉपकॉर्नवाला

तिकडे ब्लॉक थंडीने फुटतो, इकडे मामाच्या तापटपणाने. निसर्गाचा समतोल.

---

पंपरूम_सांगली

एवढ्या मोठ्या लोकांत बोलायला संकोच वाटतो, पण कुणीच गव्हर्नरबद्दल बोललं नाही म्हणून लिहितोय.

ट्रकच्या डिझेल पंपाचा गव्हर्नर बहुधा दोनच गोष्टी सांभाळतो. आयडलला इंजिन बंद पडू नये आणि टॉपला पळून जाऊ नये. मधला सगळा वेग ड्रायव्हरचा पाय सांभाळतो. बोटीत कुणाचा पाय नसतो. तांडेल लिव्हर एका जागी लावून सुकाणूकडे बघतो. मोठी लाट आली, मागची बाजू वर उचलली, पंखा अर्धा पाण्याबाहेर आला, की लोड एकदम जातो आणि ट्रकचा गव्हर्नर टॉपपर्यंत फेऱ्या वाढू देतो. पंखा परत पाण्यात बसला की धप्पकन लोड. असं दिवसभर चाललं की कपलिंग, डॅम्पर प्लेट, गिअरबॉक्स यातलं काहीतरी जाणार.

बोटीला सगळ्या वेगांवर काम करणारा गव्हर्नर हवा. मामांच्या जुन्या मरीन इंजिनावर तो असणारच. म्हणून जुना पंप टाकून देऊ नका. तोच टेस्ट बेंचवर कॅलिब्रेट करून घ्या, नोझल नवीन घाला, नव्या ब्लॉकवर चढवा. ट्रकच्या पंपासकट इंजिन "चालू करून दाखवतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून या. गॅरेजमध्ये ते छानच चालेल.

अजून एक. ट्रक जुनाच हवा. २०१७ नंतरच्या बीएस-४ आणि २०२० नंतरच्या बीएस-६ ट्रकची बहुतेक इंजिनं कॉम्प्युटरवर चालतात. ती बोटीत घातलीत तर समुद्रात मेकॅनिक नाही, लॅपटॉपवाला लागेल.

---

खेडचा_भाचा

लॅपटॉपवाला मी आहे, पण मला उलट्या होतात बोटीत.

पंपरूम, हे भारी होतं. मामाला फोन केला. जुना पंप आहे, गॅरेजवाला तो "स्क्रॅपमध्ये घेतो" म्हणाला होता! मामाने आता तो घरी आणून पडवीत ठेवलाय.

---

वेसावची_लेक

पुरुषमंडळी सगळी लोखंडाबद्दल बोलताय. मी हिशोबाबद्दल बोलते, कारण आमच्या घरी तो मीच बघते.

इंजिन स्वस्त पडलं की महाग, हे खरेदीच्या दिवशी कळत नाही, सप्टेंबरात कळतं. १ जून ते ३१ जुलै बंदीचे ६१ दिवस. त्यानंतरचे पहिले दोन महिने म्हणजे वर्षाची कमाई. खलाशांना आधीच उचल दिलेली असते, आणि आता रत्नागिरी पट्ट्यात बरेच खलाशी नेपाळचे, ते एवढ्या लांबून आलेले असतात. बोट बंद राहिली तर त्यांचं जेवण, पगार थांबत नाही. बर्फ घेतलेला, डिझेल भरलेलं. त्या काळात एक आठवडा बोट उभी राहिली की नवीन आणि जुन्यातला फरक बऱ्यापैकी भरून निघतो.

म्हणून मामीचं म्हणणं नुसतं भीतीपोटी नाही. मी रिकंडिशनच्या विरोधात नाही. पण जो ब्लॉक देतोय तो ऑगस्टमध्ये बंदरावर येऊन उभा राहणार का? लेखी देणार का? हायवेवरचा माणूस आणि समुद्रातली बोट यात मध्ये कोण?

आणि दुसरं, कागद. बोटीच्या नोंदणीत इंजिनचा नंबर आणि एचपी असतो. डिझेलचा परतावा संस्थेमार्फत येतो तोही त्याच कागदांवर. ब्लॉक बदलला म्हणजे नंबर बदलला. परवाना अधिकाऱ्याला कळवून नोंद करून घ्या, विमा असेल तर त्यांनाही. नाहीतर उद्या काही झालं तर विमावाला पहिला नंबरच बघेल.

---

निवृत्त_वर्कशॉप

ताईंनी फार महत्त्वाचं लिहिलं. त्याला जोडून: भंगारातल्या ट्रकचं इंजिन असेल तर त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि खरेदीचं बिल मागा. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला ब्लॉक चोरीचा असू शकतो. कुर्ल्यापासून कुठेही, बिल नसेल तर स्वस्तात मिळणारच.

---

गोंयकार

मालिमच्या जेटीवर एका ट्रॉलरमालकाने रिकंडिशन घातलं होतं. इंजिन उत्तम. पण पंखा जुनाच, आणि नव्या इंजिनाची ताकद वेगळी. पूर्ण थ्रॉटल दिला तरी आरपीएम चढेना, चिमणीतून काळा धूर. म्हणजे पंख्याचा पिच (पात्यांचा तिरकेपणा) जास्त होता, इंजिन सतत दमत होतं. पंखा मुंबईला नेऊन पिच कमी करून आणला, मग धूर गेला. नवीन इंजिन बसलं की पहिल्याच फेरीत, जाळी-बर्फ भरलेल्या बोटीने, पूर्ण थ्रॉटलवर ठरलेले आरपीएम मिळतात का ते बघायचं. रिकाम्या बोटीने बघण्यात अर्थ नाही.

बाकी हर्णैचा बांगडा आमच्यापेक्षा चांगला असतो हे मी मान्य करणार नाही.

---

पॉपकॉर्नवाला

शेवटी बांगड्यावर आलोच. आता कोलंबीवाले येतील, मग सुरमईवाले.

---

दर्यावर्दी_मालवण

बांगडो मालवणचो. चर्चा संपली.

---

वेसावची_लेक

सगळे गप्प बसा. बोंबील.

---

चीफ_इंजिनिअर_किनाऱ्यावर

विषयावर या. बसवण्याचं राहिलंच.

इंजिन काढून बसवायला घोडी आणि चेन ब्लॉक लागणार, ते गावात मिळतं. अडचण पुढे आहे. ट्रकमध्ये इंजिन जवळजवळ सपाट असतं. बोटीत शाफ्ट मागे उतरता असतो, इंजिनही तसंच मागे झुकतं. त्यामुळे सगळं ऑइल मागे जातं. ट्रकच्या सम्पचा (खालच्या ऑइलच्या भांड्याचा) खोल भाग पुढे असला तर ऑइल ओढणारी जाळी हवेत राहते. गॅरेजमध्ये प्रेशर दिसेल, बोटीत पुढच्या मोठ्या लाटेला ते शून्य होईल. म्हणून सम्प जुन्या मरीन इंजिनाचाच चढवा, जाळीसकट. डिपस्टिकची खूण झुकलेल्या अवस्थेत पुन्हा मारून घ्या.

मरीन गिअरबॉक्स जुनाच राहणार असं धरतोय. ट्रकचा गिअरबॉक्स लावायचा विचार कुणी मांडला तर नको म्हणा. पंखा बोटीला ढकलतो तो सगळा जोर मरीन गिअरबॉक्सच्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो. ट्रकच्या गिअरबॉक्सला असा जोर सोसायची सवयच नाही.

अलाइनमेंट शाकारलेल्या बोटीत करून थांबू नका. लाकडी बोट पाण्यात गेली की आकार बदलते. फळ्या फुगतात, तळ थोडा वाकतो. किनाऱ्यावर अंदाजे करा, बोट पाण्यात टाका, एक-दोन दिवस जाऊ द्या, मग कपलिंगचे दोन्ही चेहरे फिलर गेजने चारी बाजूंनी तपासा. जुना नियम असा की कपलिंगच्या दर इंच व्यासाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग), त्याहून जास्त फरक नको. सहा इंची कपलिंग असेल तर सहा थाऊ, म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर. हे केलं नाही तर ग्लँडमधून (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या सीलमधून) पाणी येईल, शाफ्ट गरम होईल, आणि सगळे म्हणतील ट्रकचं इंजिन वाईट.

अवांतर: मूळ ब्लॉकचा तडा दोन सिलिंडरच्या मध्ये असला तरी जहाजांवर आम्ही ओतीव लोखंड थंडच शिवून घेतो, वेल्डिंग न करता, पिना आणि लॉक ठोकून. पण सिलिंडरच्या मधल्या पातळ पुलावर ते करायला चांगला माणूस लागतो आणि पैसेही बऱ्यापैकी जातात. बोटीसाठी नवा ब्लॉकच बरा.

---

मिशिगनकर

चीफसाहेब, तुम्ही यूट्यूब चॅनेल काढा. मी पहिला सबस्क्राइबर.

---

चीफ_इंजिनिअर_किनाऱ्यावर

बायको म्हणते घरातला गिझर आधी दुरुस्त करा.

---

खेडचा_भाचा

अपडेट. उशीर झाला, माफी. गेल्या रविवारी हर्णैला जाऊन आलो.

चीफसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे एक्स्चेंजरची झाकणं काढली. इंपेलरचे तुकडे होतेच. पण खरी गोष्ट अशी की निम्म्याहून जास्त नळ्या आधीपासूनच चिखल आणि क्षारांनी बंद होत्या. मामाच्या खलाशाने सळईने खरवडल्या तर आतून दगडासारखा थर निघाला. एका नळीला भोकही आहे. म्हणजे इंजिन बरेच महिने गरमच चालत असणार. काटा मेलेला असल्याने कुणाला कळलं नाही, आणि इंपेलर ही नुसती शेवटची काडी. नळ्यांचा संच नवीन मागवलाय. टेंपरेचर आणि ऑइल प्रेशर दोन्हीला बझर लावतोय, त्याची वायरिंग मी केली. (उलट्या न होता. बोट जमिनीवर आहे.)

ब्लॉकचं: हायवेवरचा गॅरेजवाला दाबाची चाचणी करायला तयार नव्हता, "आमचा माल खात्रीचा" एवढंच. बिलाचं विचारल्यावर विषय बदलला. मामा आधी चिडला, म्हणाला तुम्ही इंटरनेटवाले सौदा मोडता. मग ताईंचा प्रतिसाद मामीला वाचून दाखवला आणि मामीने मामाला वाचून दाखवला. तिने जास्त जोरात वाचला.

शेवटी कोल्हापूरकडच्या एका मशीनशॉपमध्ये त्याच जातीचा ब्लॉक मिळाला. त्यांनी उघडा दाखवला. क्रँक अर्ध्या मिलिमीटरवर आहे, मापांचा कागद दिला, गरम पाण्याची चाचणी समोर केली, बिल आणि ट्रकची नोंदणी रद्द झाल्याचा कागदही. हायवेवाल्यापेक्षा महाग पडला, नव्या इंजिनाच्या निम्म्याच्या आसपास गेलं, एक्स्चेंजर आणि पंपाचं काम धरून. मामी अजून म्हणते की नवीनच घ्यायला हवं होतं. परवाना ऑफिसला नंबर बदलायचा अर्ज दिलाय.

सम्प, फ्लायव्हील हाउसिंग, पाण्याचं मॅनिफोल्ड, पंप, गिअरबॉक्स सगळं जुन्या मरीन इंजिनाचं चढतंय. कोअर प्लग पितळी घातले. मशीनशॉपवाला म्हणाला, हे विचारणारे तुम्ही पहिलेच.

---

मिशिगनकर

माझं नाव सांगितलंत ना?

---

दर्यावर्दी_मालवण

सांगलेल्यान आसतला तर पुढच्या येळेक डॉलरात बिल येतला.

भाचेबुवा, बोट पाण्यात टाकल्यावर मामांना सांगा, पहिल्या दिवशी लांब जाऊ नका. बंदराच्या तोंडापर्यंत जा, परत या. कुणीतरी दुसरी बोट बरोबर ठेवा.

---

खेडचा_भाचा

एक शेवटचा प्रश्न. मामा म्हणतो नवीन इंजिन आहे, आठवडाभर बंदरातच बांधून हळू हळू आयडलवर चालवून "बसवून" घेऊ. पूर्वी तसंच करायचे म्हणे. बरोबर आहे का?

---

निवृत्त_वर्कशॉप

चूक. नवीन रिंगा लायनरवर बसायला लोड लागतो. आयडलवर तासन् तास चालवलंत तर लायनर गुळगुळीत होतो, रिंगा बसतच नाहीत आणि इंजिन कायमचं ऑइल प्यायला लागतं. एसटीत रिकंडिशन इंजिन आम्ही टेस्ट बेडवर लोड चढवत चढवत काढायचो. बोटीत: आधी वीसेक मिनिटं हलकं, पाणी-ऑइलच्या गळत्या बघायला. मग बाहेर काढा आणि अर्ध्या-पाऊण लोडवर, फेऱ्या थोड्या वरखाली करत चालवा. पूर्ण थ्रॉटल पहिले काही तास नको, पण एकाच आरपीएमवर तासभर ठेवणंही नको. गोंयकरांनी सांगितलेली पूर्ण थ्रॉटलची परीक्षा त्यानंतर घ्या.

पहिलं ऑइल लवकर बदला, पन्नास तासांच्या आत. फिल्टर कापून आत काय साचलंय ते बघा. थोडी बारीक चमक असणारच, पण बेअरिंगचे पापुद्रे दिसले तर बोट बाहेर नेऊ नका. हेडचे बोल्ट पुन्हा कसायचे की नाही ते गॅस्केटवर आहे, मशीनशॉपवाल्याला विचारा, अंदाजाने कसू नका.

---

पंपरूम_सांगली

आणि पहिल्या वेळी चालू करण्याआधी डिझेलची टाकी धुऊन घ्या. दोन महिने शाकारलेल्या बोटीच्या टाकीत पाणी साचतं. माझ्याकडे ऑगस्टमध्ये येणाऱ्या नोझलांत निम्म्या गंजलेल्या असतात.

---

खेडचा_भाचा

टाकीचं मामाला आत्ता फोन करून सांगतो. धन्यवाद सगळ्यांना. वर्कशॉपकाका, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून इंजिनाच्या फळीवर चिकटवतोय, पण मामा चष्मा लावत नाही म्हणून मोठ्या अक्षरात.

---

वेसावची_लेक

मोठ्या अक्षरात मामीसाठीही एक प्रत काढा. ऑइल बदलायची तारीख तीच लक्षात ठेवणार आहे.